नदीच्या नावाचा रकाना

गिरणा धरणातून पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की आमच्या काठावरच्या गावांत एकच प्रश्न फिरतो: पाणी कुठवर आलं? जामद्याच्या बंधाऱ्यावरून निघालं का, भडगावच्या पुलाखाली दिसलं का, कानळद्यापर्यंत पोचेल का? धरणाच्या दारातून सुटलेलं पाणी आणि शेवटच्या गावाच्या विहिरीपाशी पोचलेलं पाणी यांत केवढं अंतर पडतं, ते इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. महिनोन्‌महिने तापलेली वाळू आधी स्वतः पिते, उरेल ते पुढे सोडते.

अशाच एका आवर्तनाच्या वेळी पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या नानांना मी सांगितलं, की अमेरिका आणि मेक्सिको या दोन देशांनी मिळून एकदा असंच आवर्तन सोडलं होतं. पिण्यासाठी नाही, शेतीसाठी नाही. नदीसाठी.

नानांनी तंबाखू झटकली. "नदीले कसाले पानी? आपलेच पुरत नही."

नानांचा प्रश्न रास्त आहे. सध्या नद्यांच्या वाटणीच्या बातम्या रोज येतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला भारताने सिंधू पाणी करार स्थगित ठेवला. बांगलादेशाबरोबरचा १९९६ चा गंगा करार ३० वर्षांचा, म्हणजे त्याची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते. टीव्हीवर या विषयावर भांडणारे पुष्कळ दिसतात. पण दोन देशांतून वाहणारी, मेलेली नदी पुन्हा उभी करायची असेल तर नेमकं काय करावं लागतं, हे कोणी सांगत नाही. ते काम ज्यांनी आयुष्यभर केलं त्यांची वाट धरून हे समजून घेऊ.

दोन भाऊ, एक विहीर

सामाईक विहिरीची वाटणी दोन प्रकारे होते. एक तर पाळी लावायची: चार दिवस थोरल्याचे, चार धाकट्याचे. नाहीतर दोन विहिरी असतील तर एक-एक वाटून घ्यायची आणि बोलणं बंद.

१९६० चा सिंधू करार दुसऱ्या प्रकारचा. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. १९९६ चा गंगा करार पहिल्या प्रकारचा. १ जानेवारी ते ३१ मे या टंचाईच्या काळात फराक्क्याच्या बंधाऱ्यापाशी दर दहा दिवसांचा हिशोब होतो. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असला तर निम्मं-निम्मं. (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी.)

दोन्ही पद्धती आपापल्या जागी शहाण्या आहेत. पण दोन्हींत वाटेकरी दोनच. स्वतः नदी वाटणीला बसलेली नाही. रावी करारानुसार पूर्ण भारताच्या वाट्याला आली. पुढे लाहोरजवळ पावसाळा सोडला तर तिच्यातून वाहतं ते मुख्यतः सांडपाणी. करार कोणी मोडला नाही. नदी मात्र संपली.

सातबाऱ्यावर जमीन जास्त, शेतात कमी

कोलोरॅडो नदीचं असंच झालं, पण फार मोठ्या प्रमाणावर. रॉकी पर्वतातून निघून सुमारे २,३०० किलोमीटर वाहत ती मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळायची. अमेरिकेच्या सात राज्यांनी १९२२ मध्ये तिचं पाणी वाटून घेतलं. आपल्या मापात सांगायचं तर सुमारे ६५० टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी.) पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी सुमारे ६५ टीएमसी द्यायचं ठरलं.

मेख अशी, की १९२२ ची वाटणी झाली ती ओल्या वर्षांच्या मोजमापावरून. चांगल्या पावसाच्या चार वर्षांत विहीर भरलेली पाहून कोणी बारमाही ऊस लावावा, तसं. एकविसाव्या शतकात नदीचा सरासरी प्रवाह साडेपाचशे टीएमसीच्या आसपास आला आहे. म्हणजे सातबाऱ्यावर जेवढी जमीन लिहिली तेवढी शेतात नाहीच. तूट सोसली कोणी? ज्याचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं त्याने. धरणं होत गेली: १९३० च्या दशकात हूवर, १९६० च्या दशकात ग्लेन कॅनियन. सीमेवर मेक्सिकोने १९५० मध्ये मोरेलोस बंधारा बांधला आणि आपल्या वाट्याचं पाणी मेक्सिकालीच्या शेतांकडे वळवलं. त्या बंधाऱ्याखाली समुद्रापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर नदीचं पात्र उरलं, त्यात नदी नव्हती.

मुखाशी आठ लाख हेक्टरांचा त्रिभुज प्रदेश होता: झाडी, दलदल, पाखरं. त्याचा दहावा हिस्सादेखील राहिला नाही. तिथले मूळ रहिवासी कुकापा. त्यांच्या नावाचा अर्थच नदीची माणसं असा लावतात. त्यांच्याकडे नाव उरलं.

पाखरं मोजणारा

ओस्वेल इनोहोसा उएर्ता हे मेक्सिकोतले पक्षी-अभ्यासक. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते या भागात कामाला लागले आणि पुढे 'प्रोनातुरा नोरोएस्ते' या संस्थेत पाणी आणि पाणथळींचं काम त्यांनी सांभाळलं. त्यांचा सुरुवातीचा अभ्यास एका लाजाळू पक्ष्यावर, युमा रेलवर होता. आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला, लव्हाळ्यात दडून राहणारा. तो दिसत नाही, म्हणून त्याला मोजायची पद्धत मजेशीर: त्याचीच ध्वनिमुद्रित हाक वाजवायची आणि गवतातून किती उत्तरं येतात ते ऐकायचं.

सर्वांत जास्त उत्तरं आली सांता क्लारा नावाच्या पाणथळीतून. ही पाणथळ कोणी मुद्दाम केलेली नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेकडून मेक्सिकोला येणारं पाणी इतकं खारट झालं होतं की पिकं जळू लागली. भांडण झालं. मग अमेरिकेने ते शेतातलं खारट पाणी वेगळ्या चारीने थेट आखाताजवळच्या ओसाड जागी नेऊन टाकायला सुरुवात केली, १९७७ पासून. फेकलेल्या पाण्यावर तिथे हजारो हेक्टर लव्हाळं माजलं आणि पाखरं आली. दरम्यान हेच पाणी गोडं करून वापरायला अमेरिकेने युमा इथे मोठा कारखाना उभारला. तो चालू झाला तर पाणथळ मरणार.

मला या माणसांच्या कामाची खरी गंमत इथे वाटते. विरोधाला मोर्चा काढून ते थांबले नाहीत. २०१० मध्ये कारखाना चाचणीसाठी चालवायचं ठरलं, तेव्हा सौदा झाला: जेवढं पाणी कमी पडेल तेवढं भरून द्यायचं. एक तृतीयांश अमेरिकेने, एक तृतीयांश मेक्सिकोने, एक तृतीयांश स्वयंसेवी संस्थांनी. संस्थांनी पाणी कुठून आणलं? मेक्सिकालीच्या खोऱ्यात जे शेतकरी राजी होते त्यांचे पाणीहक्क रीतसर पैसे देऊन विकत किंवा भाड्याने घेतले आणि त्यासाठी एक विश्वस्त निधी केला. म्हणजे नदीच्या बाजूने बोलणारे लोक पहिल्यांदा भाषण न करता हिस्सा घालून वाटणीला बसले.

आपल्याकडे पांझरेच्या काठावर फड पद्धत आहे, काही शतकांची जुनी. (फड म्हणजे एकत्र भिजणारा शेतांचा गट.) बंधाऱ्यावरून पाट निघतो आणि फडात कोणतं पीक, कोणाला किती पाणी, हे गाव ठरवतं. पाटावर पाटकरी असतो, फडात जागल्या. त्यांनी फक्त मोजायचं आणि ठरलं तसं सोडायचं. त्यांचं मोजमाप सगळे मानतात, म्हणून भांडण बांधावरच मिटतं. सीमेवरच्या नदीचा संवर्धक हा बराचसा असाच पाटकरी असतो. पाखरं मोजतो, भूजल मोजतो, खारटपणा मोजतो आणि दोन्ही देशांना तोच आकडा दाखवतो.

भूकंप आणि फेरफार

४ एप्रिल २०१० ला मेक्सिकालीच्या खोऱ्यात ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. कालवे फुटले. मेक्सिकोच्या वाट्याचं पाणी यायचं होतं, पण न्यायला पाटच नव्हता. मग दोन्ही देशांनी ठरवलं की मेक्सिकोने आपलं पाणी तात्पुरतं अमेरिकेतल्या लेक मीड या जलाशयात ठेवावं, पाट दुरुस्त झाले की न्यावं.

ऐकायला साधं वाटतं. आपलं धान्य शेजाऱ्याच्या कोठीत ठेवण्याइतका विश्वास यात लागतो. एकदा ते जमलं, मग पुढचं बोलणं सोपं झालं.

१९४४ चा तह मात्र कोणी उघडला नाही. तो उघडला असता तर सातही राज्यांनी आणि मेक्सिकोने जुनी उणीदुणी काढली असती. तहात एक सोय आहे: मूळ मजकूर तसाच ठेवून दोन्ही देशांचा संयुक्त आयोग त्याला जोड-निर्णय लावू शकतो. त्याला 'मिनिट' म्हणतात. तलाठ्याकडची फेरफार नोंद आठवा; सातबारा तोच, नोंद नवी. २० नोव्हेंबर २०१२ ला सही झालेल्या ३१९ क्रमांकाच्या मिनिटात पहिल्यांदा लिहिलं गेलं की काही पाणी नदीच्या पर्यावरणासाठी सीमेपलीकडे सोडायचं.

अमेरिकेला यात काय मिळालं, हाही प्रश्न येतोच. धर्मादाय नव्हतं हे. टंचाईच्या वर्षी मेक्सिकोनेही आपला वाटा कमी करायचा, हे मेक्सिकोने मान्य केलं. अमेरिकेने मेक्सिकालीच्या पाटांच्या सुधारणेला पैसे घातले आणि वाचलेल्या पाण्यातला हिस्सा घेतला. ज्याला नफा नाही तो वाटणीत टिकत नाही, हे या लोकांनी कधी लपवलं नाही.

आठ आठवड्यांचं आवर्तन

२३ मार्च २०१४ ला मोरेलोस बंधाऱ्याची दारं उघडली. १८ मेपर्यंत सुमारे ४.६ टीएमसी पाणी कोरड्या पात्रात सोडलं. गिरणा धरणाच्या उपयुक्त साठ्याचा पाव हिस्सा. कोलोरॅडोच्या वार्षिक प्रवाहाच्या एक टक्क्याहून कमी.

मार्चच का? तिथली कॉटनवूड आणि विलो ही झाडं वसंतात बी सोडतात. (विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाची चुलतभावंडं.) ते बी काही आठवडेच जिवंत असतं. त्याला हवी ओली, मोकळी माती आणि हळूहळू उतरणारं पाणी. पूर्वी बर्फ वितळून येणारा पूर हे काम करायचा. हे आवर्तन म्हणजे त्या पुराची नक्कल: आधी मोठा लोट, मग कमी होत जाणारी धार.

सान लुइस रिओ कोलोरादो या गावाच्या नावातच नदी आहे. तिथल्या पोरांनी नदी पाहिली नव्हती. पाणी आलं तसे लोक पात्रात उतरले, पोरं डुंबली, काठावर गाणी झाली. १५ मेच्या सुमारास पाणी आखाताच्या भरतीला जाऊन टेकलं.

"सगळं वाळूनेच प्यायलं असेल!"

नानांनी हे बरोबर हेरलं. गिरणेच्या काठावर जन्म घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. २०१४ च्या पाण्याचा फार मोठा भाग बंधाऱ्याखालच्या पहिल्या टप्प्यातच जिरला, कारण तिथे भूजल खूप खोल गेलं होतं. समुद्राला पोचलं ते नाममात्र.

भूजल वर आलं आणि काठ हिरवा झाला हे खरं. उपग्रहाच्या चित्रांत ते दिसलं. पुढच्या वर्षांत ती हिरवाई पुन्हा ओसरू लागली, हेही त्याच चित्रांत दिसलं आणि दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी ते मोकळेपणाने लिहिलं. जिथे आधी जमीन साफ करून रोपं लावली होती, त्या जागा मात्र टिकल्या. तिथे टॅमरिस्क नावाचं परकं झुडूप माजलं होतं. ते काढून कॉटनवूड, विलो आणि मेस्किट लावले. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं झाड. आपण जिच्यावर जेसीबी घालतो तिच्या बहिणीला तिकडे लोक हाताने पाणी घालून वाढवतात, कारण ते तिचं माहेर आहे.

मग २०१७ मध्ये ३२३ क्रमांकाचं मिनिट झालं: नऊ वर्षांसाठी नदीला सुमारे ९ टीएमसी, पुन्हा तीन हिश्शांत. २०२१ मध्ये यातलं दीड टीएमसी सोडताना शहाणपण वापरलं. पाणी बंधाऱ्याखालच्या कोरड्या पात्रात सोडलंच नाही. शेतीच्या पाटांनी ते खाली नेलं, जिथे भूजल उथळ होतं आणि झाडं लावलेली होती, आणि तिथे नदीत उतरवलं. मे ते ऑक्टोबर, थोडं थोडं. २०१४ पेक्षा पाणी तिपटीने कमी, तरी ते पुन्हा समुद्राला पोचलं.

हे ऐकून नाना पहिल्यांदा कठड्यावरून सरळ झाले. "मंग आपलं आवर्तन पाटे-पाटे का नही लयतस?"

पाटाने आणायचं तर पाट नदीच्या शेवटच्या गावापर्यंत हवा, धड हवा आणि वाटेत मोटारी लावणारे हात आवरायला हवेत. यातलं तिसरं सर्वांत अवघड, यावर आमचं एकमत झालं.

"समुद्रात गेलं म्हणजे वाया गेलं"

हा आक्षेप खानदेशात तर आईच्या दुधासोबत मिळतो. पावसाळ्यात तापीला पूर येतो, पाणी उकाईत आणि पुढे सुरतेकडे जातं, आणि आपण काठावर उभे राहून हळहळतो. ती हळहळ खोटी नाही.

पण नदीच्या मुखाशी गोडं पाणी भरतीला मागे रेटत असतं. ते थांबलं की समुद्र आत येतो. यासाठी मेक्सिकोत जायला नको. नंदुरबारच्या अक्राणीला वळसा घालून जाणारी नर्मदा खाली भरूचला पाहा. वर धरणं झाली, गोड्या पाण्याची धार बारीक झाली, खारं पाणी नदीत चढू लागलं आणि आता ते अडवायला भाडभूतजवळ आणखी एक मोठा बंधारा बांधणं चालू आहे. कोलोरॅडोच्या मुखाशी कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढायची ती गोड्या-खाऱ्या मिसळीच्या पाण्यात. मिसळ थांबली, त्याची झळ मच्छीमारांना बसली. ज्याला आपण वाया गेलं म्हणतो ते कोणाच्या तरी पोटात जात असतं, फक्त तो माणूस आपल्या तालुक्यातला नसतो.

"पाणी वाचवलं म्हणता, ते होतं कोणाचं?"

मला स्वतःला सर्वांत जास्त छळतो तो हा प्रश्न, आणि संवर्धनवाले यावर घाईने बोलतात.

पाटाचं अस्तरीकरण केलं की गळती थांबते. गळती थांबली की पाणी वाचलं. बरोबर? पाटाखाली ज्याची विहीर आहे त्याला विचारा. आपल्या अनेक शेतकऱ्यांची बागायत पाटाच्या पाझरावर उभी आहे. सीमेला लागून अमेरिकेचा ऑल-अमेरिकन नावाचा कालवा आहे. त्याचा पाझर सीमेखालून पलीकडे जाऊन मेक्सिकालीच्या विहिरींना लागायचा. अमेरिकेने कालव्याला सिमेंटचं अस्तर केलं तेव्हा पलीकडे विहिरींचं काय, म्हणून खटले झाले. अमेरिकेच्या संसदेने कायदा करून अस्तराचं काम पुढे रेटलं.

म्हणून 'वाचवलेलं पाणी' हा शब्द आला की विचारायचं: ते आधी कुठे जात होतं? कोलोरॅडोच्या मिनिटांमध्ये ते निदान कागदावर येऊ लागलं: वाचलेल्यातलं किती तुझं, किती माझं, किती नदीचं. विहिरीवाल्याचा रकाना मात्र त्यातही नाही.

"त्यांची मैत्री आहे, आपलं काय?"

मैत्री नव्हती. १९६० च्या दशकातलं खारट पाण्याचं भांडण कडू होतं, सीमेवरच्या भिंतीचं राजकारण तर आपण पाहिलंच. तरी ३२३ चं मिनिट झालं ते २०१७ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये सर्वांत ताठर सरकार बसलेलं असताना. वरचे नेते बदलत गेले. आयोगातले अभियंते आणि पाखरं मोजणारे पंधरा-वीस वर्षं तेच राहिले. आता ३२३ ची मुदतही २०२६ अखेर संपते आहे, आणि वरच्या सात राज्यांतच पाण्यावरून जुंपलेली आहे.

सिंधूवर हे आज शक्य नाही. दोन्हीकडचे अभियंते एकत्र मोजमाप करत नसतील तिथे नदीच्या वाट्याची गोष्ट पुढची. गंगेच्या नव्या करारात मात्र तिसरा रकाना टाकायला कोणी अडवलेलं नाही.

आणि तापी? तिला आंतरराष्ट्रीय सीमा नाही. ती मध्य प्रदेशात मुलताईला उगमते, आपल्यातून जाते, गुजरातेत समुद्राला मिळते. तीन राज्यं आहेत. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. पुराचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत जिरवायचं, अशी ती योजना. केळीच्या पट्ट्यातल्या विहिरी ज्या खोल गेल्या आहेत, त्या पाहता योजनेची गरज कोणी नाकारणार नाही. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी: महाराष्ट्राला १९.३६, मध्य प्रदेशाला ११.७६.

मी हे आकडे नानांना वाचून दाखवले. नानांनी बोटांवर बेरीज केली, पुन्हा केली.

"३१.१२ व्हस."

अपूर्णांकाच्या गोळाबेरजेत तेवढा फरक पडतो, असं मी म्हणालो.

नानांनी पुलाखाली पाहिलं. आवर्तनाची धार एव्हाना वाळूच्या एका कडेला सरकली होती. "मंग हाई उरेल नदीनं का?"